चाळिसावी मुलगी

“ओरिजिनल?”

“आणते, सिस्टर.”

“आणते म्हणजे? आणलेत की आणायचेत?”

थोरात सिस्टरांनी चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या हातातल्या झेरॉक्सच्या गठ्ठ्याकडे बघितलं. जिल्हा रुग्णालयाच्या नर्सिंग स्कूलचं ऑफिस होतं ते. सकाळचे साडेअकरा झाले होते. माझ्यामागं बाकावर एक मुलगी वडिलांबरोबर बसली होती. फायल छातीशी धरून. मी वेटिंगला सहावी, ती सातवी. मी गळले की ती आत. बापलेक दोघंही माझ्या पाठीकडे असे बघत होते की पाठीला ते कळत होतं.

“ओरिजिनल एका ठिकाणी जमा आहेत,” मी म्हणाले.

“कुठं?”

मी त्या संस्थेचं नाव सांगितलं. इथं सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, पुढच्या तीन वर्षांत त्यांनी तीन नावं बदलली. जिंतूर रोडवर टायरच्या दुकानावर दोन खोल्या होत्या त्यांच्या. जिल्हाभरच्या विजेच्या खांबांवर त्यांचे कागद चिकटवलेले होते, ‘नर्सिंगला प्रवेश. सायन्सची अट नाही. मार्कांची अट नाही. परीक्षा नाही.’ माझ्या मायनं तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला होता आणि पदरानं डोळे पुसले होते. तिला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी अट न घालता घरात बोलावत होतं.

आमच्या गावात बारावीपर्यंत फक्त आर्ट्स होतं. सायन्स बावीस किलोमीटरवर. मुलीनं रोज तेवढं जायचं म्हणजे गावाच्या तोंडाला कामच. सरकारी नर्सिंगचा फॉर्म मी भरला होता, पण तिथं आधी सायन्सवाल्या घेणार आणि उरल्या जागा आम्हाला देणार. पहिली यादी लागली, त्यात मी नव्हते. वेटिंग म्हणजे नाहीच, असं आमच्याकडं समजतात. म्हणून मी त्या खांबावरच्या कागदामागं गेले. गेल्या गेल्या त्यांनी टीसी, दोन्ही मार्कमेमो, जातीचा दाखला, सगळं ओरिजिनल घेऊन कपाटात घातलं. एका महिन्यात शिकवलं शून्य. ‘प्रॅक्टिकल’ म्हणून एका बाळंतपणाच्या दवाखान्यात पाठवायचे. तिथं आम्ही फरशी पुसायचो आणि भांडी धुवायचो. भांडी म्हणजे कसली, ते सांगायला नको.

आणि काल संध्याकाळी सरकारी पत्र आलं. गुरुवारी पाच वाजेपर्यंत मूळ कागदपत्रांसह हजर राहावे. आज गुरुवार होता.

थोरात सिस्टरांनी आवाज खाली आणला. “पोरी, त्या संस्थेचं नाव नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाही. तीन वर्षं घासलीस तरी तुला परीक्षेला बसू देणार नाहीत. परीक्षा नाही तर नोंदणी नाही, नोंदणी नाही तर नंबर नाही. आणि बिननंबरची बाई नर्स नसते. पांढरे कपडे घालून जन्मभर मावशीचं काम करशील, वर सुई टोचताना काही झालं तर जेलात तूच जाशील. डॉक्टर नाही जाणार.”

“मग मला इथं घ्या ना, सिस्टर. उद्या आणते कागद.”

“उद्या ती बसलेली असेल तुझ्या जागेवर.” त्यांनी बाकाकडे मान केली. “सकाळी आठपासून येऊन बसलीय बिचारी. पाचला मी रजिस्टर मिटते. जा. पळ.”

मी पळाले.

*

संस्थेचे सोनटक्के सर जेवायला गेले होते. कपाट तिथंच होतं, खुर्चीच्या मागं, करड्या रंगाचं. किल्ली सरांच्या कमरेला. मी त्या कपाटासमोर सव्वा तास उभी राहिले. मधेच एकदा हँडल फिरवूनही बघितलं. वर्गातल्या दोघी-तिघी दारातून डोकावल्या, “काय गं विशाखा, आज प्रॅक्टिकलला नाहीस?” त्यांनाही तेव्हा सांगायला पाहिजे होतं, थोरात सिस्टर काय म्हणाल्या ते. नाही सांगितलं. डोक्यात फक्त घड्याळ वाजत होतं.

दोन वाजता सर आले, दातात काडी.

“सर, माझे ओरिजिनल द्या. मला सरकारी लागलं.”

“अरे वा! पेढे कुठायत?”

“सर, पाचच्या आत पाहिजेत.”

ते निवांत बसले. वर फॅन लावला. “बाळा, मला आनंदच आहे. पण आज संध्याकाळी माझी यादी वर जायचीय. चाळीस मुली. चाळीस म्हणजे चाळीस. एकोणचाळीस दाखवल्या तर वरचा माणूस मला विचारणार, सोनटक्के, एक कुठं गेली?”

“त्याला मी काय करू?”

“पंगतीतून मधेच उठायचं असेल तर पानावर दुसरं कुणीतरी बसवून उठावं. रीत आहे.”

मला कळायला थोडा वेळ लागला.

“एक मुलगी आण. बारावी झालेली, ओरिजिनलसकट. तिचे कागद या कपाटात आले की तुझे बाहेर. मला तुझ्याकडून एक रुपया नको. बघ, दुसरीकडं कुठं असा माणूस भेटतो का.”

“मी पोलिसात जाईन.”

“जा ना. स्टेशनची रिक्षा खालीच मिळते.” त्यांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं. “ते अर्ज लिहून घेतील, शिपाई येईल, मी म्हणेन किल्ली दुसऱ्या सरांकडं आहे, ते नांदेडला गेलेत. सोमवार उजाडेल. तुझे कागद मिळतील, नाही असं नाही. सोमवारी मिळतील.”

त्या माणसाला मी पुढं खूप वर्षं मनात मारलं. वेगवेगळ्या पद्धतीनं. पण त्या दिवशी मी त्याला शिवी दिली नाही, त्याच्या टेबलावरची दौत उचलून तोंडावर फेकली नाही. मी जिना उतरले तेव्हा माझ्या डोक्यात नाव आलेलं होतं. खरं सांगायचं तर तो ‘एक मुलगी आण’ म्हणाला तेव्हाच आलं होतं.

*

आम्रपाली माझ्या मामाची मुलगी. आमू म्हणायचो. माझ्याहून सहा महिन्यांनी लहान, म्हणून मला ताई म्हणायची. बारावीला माझे चोपन्न टक्के, तिचे एकसष्ट. वसमत रोडला मुलांची एक मेस होती, तिथं ती दिवसाला दोन-दोनशे पोळ्या लाटायची. मामा तिच्यासाठी स्थळं बघत होता आणि ती प्रत्येक स्थळाला काही ना काही खोट काढत होती. उन्हाळ्यात भेटली तेव्हा म्हणाली होती, “ताई, तुझं काही जुळलं तर मला विसरू नको हं. पोळ्या लाटून लाटून माझ्या स्वप्नात आता पोळ्याच येतात. एक फुगत नाही.”

मी गेले तेव्हा दुपारची पंगत उठली होती. ती परात खरवडत होती. कोपरापर्यंत पीठ.

“ताई! अन् आत्ता कशी काय? जेवलीस का?”

“आमू, तुझी टीसी कुठाय?”

“गादीखाली. काहून?”

“नर्सिंगची एक जागा निघालीय. सायन्स लागत नाही. मार्क बघत नाहीत. आजच भरली तर मिळते. उद्या नाही.”

परात तिच्या हातातून सुटली आणि फरशीवर घणघणत फिरली. आतून मेसवाल्या काकू ओरडल्या, “काय फोडलंस गं, सटवे?”

“नशीब फुटलं काकू, चांगलं फुटलं!” आमू ओरडून म्हणाली आणि हसत सुटली.

बघा, मी तिला जे बोलले त्यात एक शब्द खोटा नव्हता. जागा निघाली होती. सायन्स लागत नव्हतं. आजच भरायची होती. मी रस्ताभर ही वाक्यं अशीच जुळवत आले होते, एकेक तपासून.

हात धुऊन, केसांना पाणी लावून, प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन ती पाच मिनिटांत रस्त्यावर. चप्पल तुटकी होती, अंगठा आवळून चालत होती. मी तिचा हात धरून ओढत होते.

“एवढी का पळायलीस?”

“वेळ नाही.”

“माझ्या कामाला तू एवढी पळायलीस,” ती म्हणाली. मग म्हणाली, “बाबांना काय सांगू?”

“मी सांगते मामाला.”

रिक्षात बसल्यावर तिनं विचारलं, “तू बी तिथंच ना? एकाच वर्गात?”

हे कधीतरी येणारच होतं. “नाही. मला सरकारी लागलं.”

“सरकारी? अगं मग पेढे कुठायत?” ती सोनटक्क्यासारखंच बोलली, पण मनापासून. माझा गालच ओढला तिनं, पिठाच्या वासाच्या हातानं. मग थोडं अंतर गेल्यावर, “त्याचा फॉर्म कधी निघाला होता, ताई?”

“जूनमध्ये.”

“आर्ट्सवाल्यांना चालत होता?”

“हं.”

“मला नाही सांगितलंस.”

“मला वाटलं तुझं लग्न ठरायलंय.”

तिनं मान हलवली. जणू पटलं. एकसष्ट टक्के. ती वेटिंगला नसती आली, सरळ यादीत आली असती. तिला सांगितलं असतं तर कदाचित माझा नंबर सहाचा सात झाला असता. जूनमध्ये हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, स्वतःलाही नाही. फक्त तिच्या घरी जाणं टाळलं होतं.

साडेतीन झाले होते.

*

सोनटक्के सरांनी आमूला खुर्ची दिली. पाणी दिलं. मला कधी दिलं नव्हतं. तिचे मार्क बघून म्हणाले, “हुशार आहे की! बघा, असंच पाहिजे आम्हाला.” आणि फॉर्म पुढं सरकवला.

आमूनं पेन उचललं. नाव लिहिलं, स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात. सहीच्या जागेवर आली आणि थांबली.

“सर, एक विचारू का?”

“विचार ना, बाळा.”

“आमच्या मेसला सरकारी दवाखान्यातल्या दोन सिस्टर डबा न्यायला येतात. त्या म्हणतात, नर्सला नंबर लागतो. कौन्सिलचा. तो नसला तर काहीच नाही. इथं मिळतो का नंबर?”

सर मागं टेकले. घाबरले बिबरले नाहीत. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी अजून विसरले नाही. मजा वाटत होती त्यांना.

“मी सांगून तुला खरं वाटायचं नाही, बाळा. मी पडलो संस्थेचा माणूस. तुझ्या ताईला विचार. महिनाभर शिकलीय इथं.”

आमू माझ्याकडे वळली. हातात पेन तसंच. तिच्या कोपराला थोडं पीठ वाळून चिकटलं होतं. सरांच्या मागं कपाट उघडं होतं आणि माझी निळी फायल सगळ्यात वर काढून ठेवलेली होती. भिंतीवर चार वाजायला दहा कमी.

“मिळतो का गं, ताई?”

“मिळतो,” मी म्हणाले.

तिनं सही केली.

सरांनी तिचे कागद आत ठेवले, माझे बाहेर दिले. आमू माझ्याबरोबर जिन्यापर्यंत आली. मला मिठी मारली. म्हणाली, “पळ आता, तुला उशीर होईल.”

*

नर्सिंग स्कूलला पोचले तेव्हा पाचला वीस कमी होते. सातवी मुलगी अजून बाकावर होती. मला फायल घेऊन आत येताना बघून तिचे वडील उभे राहिले आणि तिची पिशवी उचलायला लागले.

थोरात सिस्टरांनी एकेक कागद उलटून पाहिला. “कसे दिले गं त्यांनी? ते लोक तर देत नाहीत. मागच्या वर्षी एका मुलीचा बाप तीन महिने खेटे घालत होता.”

“मागितले. दिले.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग शिक्का मारला.

*

आमूनं तीन वर्षं तिथं काढली. परीक्षा झाली नाही. संस्थेनं पाटी बदलली आणि मुलींना एक रंगीत सर्टिफिकेट दिलं, मोराच्या नक्षीचं. ती मला कधी काही बोलली नाही. मीही काढलं नाही. लग्नकार्यात भेटायचो. ती म्हणायची, “ताई, दिसायला बारीक झालीस,” मी म्हणायचे, “ड्युटी गं.” बस.

बारा वर्षांनी मायला न्यूमोनिया झाला. मी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात इन्चार्ज होते. मी पोचायच्या आधीच मामानं मायला एका खाजगी दवाखान्यात ठेवलं, का तर आमू तिथंच कामाला. मी रजा टाकून गेले. वॉर्डात आमू पांढऱ्या ड्रेसमध्ये, पंधरा खाटा एकटीवर. पेशंट, नातेवाईक, डॉक्टर, सगळे तिला सिस्टर म्हणत होते. मायची शीर सापडत नव्हती. मी दोनदा टोचून बघितलं. आमूनं मला बाजूला केलं, मनगटाजवळ बोटानं चाचपलं आणि एका झटक्यात सुई आत. माय म्हणाली, “हिचा हात हलका आहे बाई. तुझा सरकारी.”

आम्ही तिघीही हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर वॉर्डात धावत आला. “तपासणी आली, तपासणी! चला, बिननंबरच्या सगळ्या गच्चीवर!” चार-पाच मुली ट्रे ठेवून जिन्याकडे पळाल्या, सवयीनं. आमूला मायनं सोडलं नाही, हात घट्ट धरून ठेवला, म्हातारीला काय कळतंय. मॅनेजर दात खाऊन म्हणाला, “मग मावशी हो, मावशी हो लवकर!” आमूनं कसाबसा हात सोडवून भिंतीवरचा निळा एप्रन काढून ड्रेसवर चढवला, वरपर्यंत बटणं लावली आणि कोपऱ्यातली बादली घेतली.

तपासणीचे तिघं आत आले तेव्हा ती खाटेजवळ गुडघ्यावर बसून फरशी पुसत होती. वर मायचं सलाईन संपलेलं. नळीत रक्त मागं यायला लागलं होतं. मी बघितलं, तिनंही बघितलं. तिचा ओला हात नळीकडे अर्ध्यापर्यंत गेला आणि थांबला.

“सिस्टर,” ती मला म्हणाली. “आजींचं सलाईन संपलंय. बघता का?”

मी उठले. नळी बंद केली, बाटली बदलली. तपासणीतल्या बाई माझ्याकडे आल्या.

“तुम्ही रजिस्टर्ड?”

“हो.”

“नंबर?”

पाठ होता. सांगितला. मी इथली नाही, ही माझी आई आहे, ड्युटीवरची सिस्टर ती खाली बसलीय, एवढं सांगायला मला किती वेळ लागला असता? मॅनेजर दारातून माझ्याकडे हात जोडून बघत होता. आमू मान खाली घालून फडकं पिळत होती. तोंड उघडलं असतं तर तिचं गेलं असतं. असं मी मला सांगितलं. बाईंनी माझा नंबर त्या वॉर्डापुढं लिहून घेतला आणि पुढच्या खोलीत गेल्या.

मी तिथंच उभी राहिले. फडकं माझ्या चपलेपाशी येऊन थांबलं.

“पाय उचला, सिस्टर,” आमू म्हणाली.